जिना आमचा, प्रॉब्लेम तिचा?

इंटरव्ह्यू म्हटलं की आपल्याला आठवते ती टेबलाची एकच बाजू. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, घशाला कोरड आणि समोर तीन गंभीर चेहरे! पण मंडळी, नोकरीत चार-पाच वर्षं काढली की एक दिवस बॉस सहज म्हणून जातो, "आज जरा पॅनेलवर बस गं." आणि आपण टुणकन् टेबलाच्या दुसऱ्या बाजूला! कसलं ट्रेनिंग नाही, काही नाही. हातात रेझ्युमे, समोर चहा, आणि आपल्याला माणसं कळतात असा फुल्ल कॉन्फिडन्स.

माझा तो कॉन्फिडन्स दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं एका वाक्यात उतरवला. आज त्याचीच गोष्ट. गोष्टीत व्हिलन मीच आहे, तेव्हा निवांत वाचा.

आमचं ऑफिस सोलापुरात, भवानी पेठेत. टॉवेल बनवून बाहेरच्या देशांत पाठवणारी कंपनी. खाली गोडाऊन, पॅकिंग आणि सॅम्पल रूम, वर पहिल्या मजल्यावर ऑफिस. ऑफिसात आणि पॅकिंगला मिळून आम्ही अठ्ठावीस जण. ग्लास बिल्डिंग, लिफ्ट, कॅफेटेरिया वगैरे पुण्यातल्या मित्रांच्या इन्स्टावर. आमच्याकडे बावीस पायऱ्यांचा अरुंद दगडी जिना, आणि खिडकी उघडली की शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट. माझं पद 'एचआर कम ॲडमिन', म्हणजे हजेरीपासून पाण्याच्या जारपर्यंत सगळं.

तर अकाउंट्सला एक जागा होती. टॅली, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, एक्स्पोर्टची इन्व्हॉइस. आठ-दहा रेझ्युमे आले. त्यात एक झकास होता. बी.कॉम., एका सीएकडे दोन वर्षं काम, जीएसटी स्वतः भरलेला. मी फोन करून बोलावलं.

ती आली. एका पायात कॅलिपर, एका हातात कुबडी. दारात जरा थांबली, श्वास घेतला, मग आत येऊन बसली. पॅनेलवर आम्ही तिघं: आमचे मालक, एक्स्पोर्ट मॅनेजर आणि मी.

पहिला प्रश्न मालकांचा. "जिना चढायला लई त्रास झाला असेल न्हवं?"

ती म्हणाली, "नाही सर, सवय आहे."

दुसरा प्रश्न माझा. आवाजात सगळी माया ओतून मी विचारलं, "हे जन्मापासून आहे का?"

तिनं उत्तर दिलं. काय दिलं ते इथं सांगत नाही. तुम्हाला त्याची गरज नाही. मलाही नव्हती, हे मला नंतर कळलं.

मग गाडी सुसाट सुटली. घरी कोण कोण असतं? सोडायला कोण येणार? पावसाळ्यात कसं करणार? मार्चएंडला रात्री नऊ वाजतात, जमेल? डॉक्टर काय म्हणतात? घरच्यांची नोकरीला हरकत नाही ना? शेवटी मॅनेजर म्हणाले, "वा! तुमच्या जिद्दीला मानलं पाहिजे!" आणि आम्ही तिघांनीही कौतुकानं माना हलवल्या.

ती उठायच्या आधी थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, टॅलीबद्दल काही विचारायचं होतं का?"

पंधरा-वीस मिनिटं झाली होती. टॅलीबद्दल आम्ही एक अक्षर विचारलं नव्हतं! घाईघाईत मी काहीतरी विचारलं. तिनं पटकन आणि बरोबर उत्तर दिलं. मी थँक्यू म्हटलं. ती गेली. जिन्यावर कुबडीचा ठक ठक आवाज खाली जाईपर्यंत ऐकू येत होता. बावीस वेळा.

'तिच्याच भल्यासाठी'

ती गेल्यावर मालक म्हणाले, "हुशार हाय पोरगी. पण रोज हे जिना... कुठं पाय घसरून पडली बिडली तर आपल्या गळ्यात येतंय बघ." मॅनेजर म्हणाले, "टिकणार नाही हो ती. तिलाच त्रास." आणि मी? मी म्हटलं, "खरंय. तिच्यासाठीच अवघड होईल."

बघा हं, कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. 'अपंगांना घेत नाही' असं कुणी म्हटलं नाही. उलट आम्ही सगळे काळजीनं ओथंबलो होतो. आणि त्या काळजीच्या नादात आम्ही तिच्या वतीनं ठरवून टाकलं, की तिला हे झेपणार नाही. तिला न विचारता! ज्या जिन्याची आम्हाला एवढी चिंता, तो चढूनच ती आमच्यासमोर येऊन बसली होती, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि फोनवर बोलावताना 'ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही' एवढं सांगायचं काम माझं होतं. तेही मी केलं नव्हतं.

जागा एका धडधाकट मुलाला मिळाली. आता तुमचा अंदाज काय? बरोब्बर! चार महिन्यांत तो पुण्याला पळाला. टिकणार कोण, याचा आमचा अंदाज इतका सॉलिड होता.

नान्नांचा सवाल

त्या रात्री जेवताना मी घरी हे सांगितलं. आम्ही पद्मशाली, भवानी पेठेतलेच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. नान्नांनी तीस वर्षांहून जास्त काळ यंत्रमागावर काढला. आता त्यांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मागाच्या आवाजानं गेलेले कान आमच्या पेठेत घरटी सापडतील. कानाचं मशीन आणलंय, ते बहुतेक वेळ कपाटातच असतं. त्यामुळे त्यांना काही सांगायचं तर समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं लागतं. मी सगळं सांगितलं. बोलणं तेलुगूत झालं, तुमच्यासाठी मराठीत देते.

त्यांनी विचारलं, "काम कसलं होतं?"

"टॅलीचं. कॉम्प्युटरवर हिशोब."

"हातमाग पायानं चालवतात. टॅली पण पायानं चालवतात काय?"

अम्मा हसली. मला घास गिळवेना.

मग नान्ना त्यांच्या कारखान्याबद्दल बोलायला लागले. तुम्ही कधी चालू यंत्रमागांच्या शेडमध्ये उभे राहिलात का? धोट्याच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही. मग काय करतात? हात. कांडी संपली, धागा तुटला, मालक आलाय, चहा हवा, सगळ्याला खुणा. आणि ओठ वाचायचे. नान्ना म्हणाले, "कान गेले तरी कारखान्यात मला कुणी बहिरा म्हणालं नाही. तिथं सगळेच बहिरे. मी बहिरा होतो बँकेत गेलो की."

बँकेत काय होतं ते मला माहीत आहे, कारण मीच त्यांना नेते. काउंटरवरचा माणूस मान खाली घालून बोलतो, नान्ना "काय?" म्हणतात, तो ओरडतो, रांगेतले बघायला लागतात. मग तो माझ्याकडे वळून विचारतो, "यांना पैसे काढायचेत का?" नान्ना तिथंच उभे! माणूस तोच, कान तेच. शेडमध्ये चालत होते, काउंटरवर चालेनात. मग कमी कुठं आहे? कानांत, की काउंटरच्या पद्धतीत?

आमच्या ऑफिसचंही तेच. तिचा पाय टॅलीच्या आड येत नव्हता. आमचा जिना येत होता. आणि जिन्याचं खापर आम्ही तिच्या पायावर फोडलं.

मला आणखी एक आठवलं. माझ्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत एका साहेबांनी मला विचारलं होतं, "लग्न झाल्यावर नोकरीचं काय?" मी वरून गोड हसले आणि मनात शंभर शिव्या दिल्या. माझ्यासोबत बसलेल्या मुलाला तो प्रश्न नव्हता. आणि आता मीच टेबलाच्या या बाजूला येऊन तेच केलं, फक्त विषय बदलून.

कायदा काय म्हणतो, बॉस?

मग मी वाचायला घेतलं. एचआर म्हणून ते आधीच वाचायला हवं होतं, हे मान्य!

१९९५ साली आपल्याकडे अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार झाले एकवीस. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आहेत, मानसिक आजार आहेत, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि पार्किन्सन्स आहेत. म्हणजे कुबडी किंवा पांढरी काठी दिसली तरच दिव्यांग, हा फंडा कधीच आउटडेटेड झालाय. समोर मस्त हसत बसलेल्या उमेदवाराची अडचण तुम्हाला दिसेलच असं नाही. २०११ च्या जनगणनेत, जुन्याच मोजमापानं, देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख.

"पण ते सगळं सरकारी नोकऱ्यांसाठी असतं ना?" हा आमच्या मालकांचा पहिला प्रश्न. अर्धं बरोबर. ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांत आहे, खासगी कंपन्यांना कोटा नाही. पण प्रत्येक आस्थापनेनं, खासगीसुद्धा, 'समान संधी धोरण' तयार करून जाहीर करायचं आणि आयुक्तांकडे नोंदवायचं, हे याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्या धोरणात कोणती कामं दिव्यांगांना देता येतील, निवड कशी होईल, काय सोयी मिळतील हे लिहायचं आणि भरतीकडे लक्ष द्यायला एक संपर्क अधिकारी नेमायचा. आम्ही अठ्ठावीस. आमच्याकडे धोरण? शून्य. संपर्क अधिकारी? अहो, तो शब्दच मी पहिल्यांदा वाचत होते. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख.

कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'वाजवी सोय'. कंपनीवर बेसुमार बोजा न पडता जो बदल करता येईल, तो करायचा. तो नाकारणं हाही भेदभावच. कुणाला टेबल खाली हलवून हवं, कुणाला मोठा फॉन्ट, कुणाला लेखी टेस्टला थोडा जास्त वेळ. कोट्यवधींचा खर्च नाही हो हा!

इंटरव्ह्यूत कोणते प्रश्न टाळायचे, याची यादी मात्र आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं ही रेघ स्पष्ट आखलीय. नोकरी देऊ करण्याआधी मालकानं अपंगत्वाबद्दल विचारायचं नाही, काम करता येईल का हे विचारायचं. मेडिकल करायची तर नोकरी देऊ केल्यावर, आणि त्या कामासाठी निवडलेल्या सगळ्यांची सारखी. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही नोकरी देऊ करण्याआधी तब्येतीचे प्रश्न विचारायला, मोजके अपवाद सोडून, बंदी आहे. आपल्याकडे यादी नाही, म्हणून ती आपल्या डोक्यात हवी.

प्रांजल पाटील आठवते?

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या ऑफिसात होतं असं समजू नका. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. लहानपणीच दृष्टी गेली. मुंबईत आणि मग दिल्लीच्या जेएनयूत शिकल्या, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अभ्यास केला आणि २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवला. देशातली सगळ्यात अवघड परीक्षा आणि तिचा इंटरव्ह्यू, दोन्ही पास! त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळणार होती. पण रेल्वेनं नियुक्ती नाकारली. कारण? शंभर टक्के अंधत्व. पुढच्याच परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रं हातात घेतली.

ही गोष्ट आपण 'वा, काय जिद्द!' म्हणून फॉरवर्ड करतो. मीही केली होती. पण जरा थांबून बघा. ज्यांना हिशोबाचं काम जमणार नाही असं टेबलाच्या या बाजूनं ठरवलं, त्यांनीच पुढे प्रशासन सांभाळलं. मग चुकीचं काय निघालं? त्यांची दृष्टी नाही, टेबलाच्या या बाजूचा अंदाज! आणि पुन्हा परीक्षा देऊन वर येणं प्रत्येकाला जमत नाही. जमायची गरजही नसावी. साध्या अकाउंटंटच्या नोकरीसाठी कुणी हिरो का व्हायचं?

सुप्रीम कोर्टानंही गेल्या काही वर्षांत हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. २०२४ मध्ये बोलण्यात अडचण असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं एमबीबीएसचं प्रकरण आलं. ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व म्हणून तो अपात्र ठरला होता. कोर्ट म्हणालं, नुसत्या टक्क्यावर बाद करू नका, हा माणूस हा कोर्स करू शकतो का ते तपासा. मार्च २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं, की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून बाहेर ठेवता येणार नाही. न्यायाधीश चालतो, तर आमच्या टॉवेलच्या कंपनीत काय अडतंय?

पॅनेलवर बसण्याआधी

तर फ्रेंड्स, उद्या तुम्हाला कुणी 'पॅनेलवर बस' म्हणालं, तर हे कापून ठेवा. मी ठेच खाऊन जमवलंय.

१. बोलावतानाच सगळ्यांना एक ओळ पाठवा: 'इंटरव्ह्यूसाठी काही सोय हवी असल्यास कळवा.' जागेची खरी माहिती द्या. मजला कितवा, लिफ्ट आहे की नाही, टेस्ट कागदावर की कॉम्प्युटरवर. एकाला नाही, सगळ्यांना. म्हणजे कुणाला वेगळं पाडल्यासारखं होत नाही.

२. प्रश्न आधी लिहून काढा आणि प्रत्येकाला तेच विचारा. 'महिन्याच्या दहा तारखेला तीन रिटर्न अडकलीत, तुम्ही कसं कराल?' हा प्रश्न धडधाकट मुलालाही विचारा, कुबडीवाल्या मुलीलाही.

३. 'हे कसं झालं?', 'किती टक्के?', 'औषधं चालू आहेत का?', 'घरचे काय म्हणतात?' हे चारही प्रश्न बाद. कामात खरंच काही वेगळं लागणार असेल, उदाहरणार्थ रोज गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजायचा असेल, तर ते काम सांगा आणि सगळ्यांनाच विचारा, 'हे तुम्ही कसं कराल?' उमेदवारानं स्वतःहून अडचण सांगितली तर फक्त एकच: 'काय सोय केली तर काम नीट होईल?' उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या प्रश्नाला चला.

४. बोलायचं उमेदवाराशी. सोबत भाऊ असो, आई असो की खुणांची भाषा सांगणारी व्यक्ती असो, नजर उमेदवाराकडे. ऐकायला कमी येत असेल तर चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, तोंडावर हात ठेवू नका, ओरडू नका. हे मी नान्नांकडून शिकलेय, एकदम टेस्टेड.

५. दिसत नसेल तर हाताला धरून ओढू नका. 'मदत हवी का?' विचारा, हो म्हटलं तर आपला हात पुढे करा, ते धरतील. व्हीलचेअरला न विचारता ढकलायचं नाही. टेस्टची फाइल स्कॅन केलेला फोटो असेल तर स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती बहुतेक वाचता येत नाही. साधी टाइप केलेली फाइल द्या.

६. अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. वेळ द्या.

७. जिद्दीचं कौतुक नको. तुमच्या चालण्याचं कधी कुणी इंटरव्ह्यूत कौतुक केलंय का?

८. आणि सगळ्यात महत्त्वाचं. मार्क आधी द्या, चर्चा नंतर करा. कुणाला नाही म्हणायचं ठरलं तर कारण एका वाक्यात लिहा आणि मोठ्यानं वाचा. त्या वाक्यात पाय, डोळे, कान, आजार किंवा 'तिलाच त्रास होईल' असं काही आलं, तर कागद फाडा आणि पुन्हा विचार करा.

आमचं त्या दिवशीचं कारण मी नंतर लिहून बघितलं होतं. 'जिना चढायला अवघड जाईल.' टॅलीच्या नोकरीसाठी!

फोन

तो मुलगा पुण्याला पळाला तेव्हा मी तिला फोन केला. मनातून वाटत होतं, आता ती खूश होईल, मीही सुटेन.

तिला नोकरी लागली होती. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत, अकाउंट्सलाच. ती नम्रपणे नाही म्हणाली. मी फोन ठेवणार तेवढ्यात तिनं विचारलं, "मॅडम, एक सांगाल का? मी त्या दिवशी टॅलीत नापास झाले होते, की जिन्यात?"

खोटं बोलता आलं असतं. 'दुसऱ्या उमेदवाराचा अनुभव जास्त होता' हे वाक्य आमच्या धंद्यात पाठच असतं. पण जीभ वळली नाही. मी म्हटलं, "जिन्यात."

ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "वाटलंच. मग जिन्याचं काय केलंत तुम्ही?"

काहीच केलं नव्हतं. सॉरी म्हटलं. ती 'असू दे मॅडम' म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं 'असू दे' मला अजून टोचतं. तिला ते किती ठिकाणी म्हणावं लागलं असेल?

दुसऱ्या दिवशी मी मालकांपुढे बसले. कायदा सांगितला, दंडाचे आकडे सांगितले, आणि नान्नांचा हातमागाचा प्रश्नही सांगितला. मालकांचे वडीलही एके काळी हातमागावरच बसायचे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाली सॅम्पल रूममध्ये जागा हाय की. अकाउंट्स तिकडं गेलं तर काय बिघडतंय?"

काही बिघडलं नाही! दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर खाली गेले. केबल ओढायला इलेक्ट्रिशियननं अर्धा दिवस घेतला. दारातल्या उंबऱ्याला सिमेंटचा छोटा उतार केला. सगळे इंटरव्ह्यू आता खालीच होतात. धोरण लिहून नोटीस बोर्डावर लावलंय, आयुक्तांकडे पाठवलंय. आणि संपर्क अधिकारी कोण? ओळखा पाहू! पाण्याच्या जारसोबत आता हेही माझ्याकडेच.

मागच्या महिन्यात पॅकिंगच्या हिशोबासाठी इंटरव्ह्यू झाले. एक मुलगा आला होता, ऐकू कमी येतं असं त्यानं मेलच्या उत्तरातच कळवलं होतं. मी खिडकीकडे तोंड करून, उजेडात बसले. प्रश्न कागदावर लिहूनही दिले. सगळ्यांना विचारले तेच आठ प्रश्न त्यालाही विचारले. नंतर मालकांनी, मॅनेजरनी आणि मी आपापले मार्क दिले आणि मग चर्चा केली.

त्याला आम्ही घेतलं नाही. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य आहे: 'ई-वे बिल करता आलं नाही.' मी ते मोठ्यानं वाचलं. मग त्याला मेल करून तेच कारण कळवलं, आणि ते शिकून पुन्हा अर्ज करा असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, शिकतो म्हणाला.

जिना अजून तिथंच आहे, बावीस पायऱ्यांचा. फक्त आता कुणाला नोकरी द्यायची, हे तो ठरवत नाही.